उपास करा, पण ड्यूटी पाहून
(शाखेच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



बदली-बढतीचे विषय झाले. आता थोडे साखरेच्या रोगाबद्दल. मी डॉक्टर नाही. पण रनिंग रूममध्ये आणि आर.एम.एस.च्या सॉर्टिंगमध्ये गोळ्यांची पाकिटे वाढलेली मी पाहतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. त्यात आपणही आलोच.

हल्ली बरेच साथी दिवसातून दोनदाच जेवतात. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवली. कोणी सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत जेवतात. वजन उतरले की टाइप टू मधुमेहात साखर खाली येते, हे खरे. मात्र एकादशीची साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे हा त्यातला उपास नव्हे. त्याने साखर चढते.

आता धोक्याचे ऐका. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा फार उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले, तर ती 70च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, अंधारी येते. घरी असलात तर कोणी साखरपाणी देईल. इंजिनावर असलात तर मागे हजार-दीड हजार माणसे बसलेली असतात!

म्हणून चार गोष्टी पाळा. डॉक्टरांकडून गोळ्यांचा डोस ठरवून घेतल्याशिवाय उपास धरू नका, आणि मनाने गोळी बंदही करू नका. सुरुवात सुट्टीत करा, रात्रपाळीत नको. खिशात ग्लुकोज ठेवा. त्रास वाटताच 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे, घ्या. 15 मिनिटांनी साखर तपासा. कमीच असेल तर पुन्हा घ्या आणि नंतर काहीतरी खा.

शेवटचे, पण महत्त्वाचे. अनफिट ठरू, रनिंग अलाउन्स जाईल, या भीतीने काही साथी रोग लपवतात. लपवू नका. लपवलेला रोग रुळावर उघडा पडला, तर नोकरीही जाते आणि जीवही जातो. वैद्यकीय तपासणीत अडचण आली तर कागद घेऊन शाखेत या, युनियन तुमच्यासोबत उभी राहील.

आणि प्रशासनाला एकच सांगणे आहे: डॉक्टर वेळेवर जेवा म्हणतात, तर ड्यूटीवर जेवायला वेळ द्या. उपास आम्ही मर्जीने करू, रोस्टरमुळे नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!