आईचं पोट आणि माझी पीएच.डी.

आधी एक खुलासा. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते पीएच.डी.मुळे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर मी गेली १८ वर्षं संशोधन करतोय, पण माणसाच्या पोटावर हात ठेवून निदान करायचा मला ना परवाना, ना अनुभव. तरीही तीन वर्षांपूर्वी मी ते केलं आणि चुकलो.

आई पुण्याहून इकडे न्यू जर्सीला आली होती. वय ७४, जुना मधुमेह. एका शनिवारी म्हणाली, "पोटाला जरा तडस लागलीय." हिंगाचं पाणी झालं, ओवा झाला. मी थर्मामीटर लावला, ताप नाही. पोट दाबलं, मऊ लागलं. "गॅसेस असतील," मी म्हणालो. सोमवारी पहाटे ती घामाने निथळत होती. शस्त्रक्रियेत दिसलं की पित्ताशय सडलं होतं. ती वाचली. नंतर म्हणते कशी, "इथलं बिल तुझ्या डोक्यावर नको, म्हणून गप्प बसले."

ताप नाही म्हणजे विशेष काही नाही, हा नियम मी तरुणांवरून उचलला होता. म्हातारपणी, त्यातून मधुमेह असला की, आत पू झाला तरी ताप चढतोच असं नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढतातच असं नाही. पोटाचे स्नायू पातळ झालेले असतात, म्हणून पोट कडक लागत नाही. आणि वरच्या पोटातलं दुखणं हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. त्यामुळे या वयात ईसीजी आणि सीटी स्कॅनसाठी लवकर जावं.

तान्ह्या बाळाचं उलट. ते बोलत नाही, पण खुणा स्पष्ट देतं. एकाएकी किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, मग शांत होतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. आतड्यात आतडं शिरल्याची ही खूण असू शकते. शीतून जेलीसारखं रक्त पडेपर्यंत थांबू नये. सोनोग्राफीत हे दिसतं, आणि बहुतेक वेळा गुदद्वारातून हवा सोडून, चिरफाड न करता सुटतं. अशा वेळी बाळाची दृष्ट काढत बसलेली शिकली-सवरलेली घरं मी पाहिली आहेत. मेळघाटात बाळाचं फुगलेलं पोट तापल्या विळ्याने डागतात म्हणून आपण हळहळतो. गेलेला वेळ दोन्हीकडे सारखाच.

अपेंडिक्स आधी बेंबीभोवती दुखतं, कारण त्याचा निरोप बेंबीच्याच पातळीवर मज्जारज्जूत पोचतो. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आली की दुखणं उजवीकडे खाली उतरतं. वयात आलेला मुलगा "पोट दुखतंय" म्हणाला तर वृषणाला पीळ पडलाय का, हे विचारायलाच हवं. लाजेने तो सांगत नाही, आणि हाती असतात जेमतेम सहा तास. मूल होण्याच्या वयातल्या बाईची गर्भचाचणी आधी होते. ती अविवाहित आहे म्हणून आईवडिलांनी डॉक्टरांवर रागावू नये. नळीतला गर्भ फुटला तर जीव जातो.

आणखी एक, खास आपल्या कपाटातलं. २००४ साली बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली गेली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाने पोटात भयंकर कळा येतात आणि स्कॅनमध्ये काही दिसत नाही. म्हणून भस्म घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. रक्तातलं शिसं मोजता येतं.

आपली भाषा इथे फार उपयोगी आहे. कळ येऊन जाते, मुरडा येतो, आग होते, ठणकतं. ही चार निरनिराळी दुखणी आहेत. इंग्रजीत सांगताना मुलगा या सगळ्याचं "पेन" करून टाकतो. मीही तेच केलं होतं. दुभाष्या मागा, इस्पितळाने तो फुकट द्यायचा असतो. आणि बिलाच्या भीतीने गप्प बसणाऱ्या पाहुण्या आईवडिलांना हे आल्याआल्याच सांगून ठेवा: १९८६ च्या कायद्यानुसार इथल्या इमर्जन्सी विभागाला पैसे असोत-नसोत, तपासावंच लागतं आणि प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येतं, तेही मोठं येतं. आमचं अजून फेडतोय.

प्रश्न जरूर विचारा. पोट दाबून मात्र मी कुणाचं पाहणार नाही.