विचारून कूस बदला

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस. पण काकांच्या आजारपणात आमच्याकडून झालेल्या चुका दुसऱ्या घरी होऊ नयेत, म्हणून उभा आहे.

काकांना सदऱ्याची बटणे लावता येईनात, तिथून सुरुवात झाली. आम्हाला वाटले, मानेचा मणका. बालाघाटहून गोंदिया, तिथून नागपूर असे करता करता आठ महिन्यांनी नाव कळले : मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी यात एकेक करून मरतात. हात, पाय, जीभ, गिळणे, शेवटी श्वास. रिल्युझोलची गोळी आजाराचा वेग जरा कमी करते, बरा करत नाही. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, २१ व्या वर्षी हाच आजार निघाला आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण ते अपवाद. बहुतेकांना दोन ते पाच वर्षे मिळतात. ती कशी जातात, हे बरेचसे घरच्यांच्या हातात असते.

आमची मोठी चूक ही, की काकांचे बोलणे गेले तसे आम्हीही त्यांच्याशी बोलेनासे झालो. त्यांच्याविषयी बोलायचो, तेही खाटेशेजारी. या आजारात ऐकू येते, दिसते, स्पर्श कळतो, बहुतेकांची समजही शाबूत असते. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून आम्ही गजर लावून बदलत होतो, त्यांना न विचारता.

मग माझ्या मुलीने पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहिली. आपल्या वर्णमालेत ओळी तयारच आहेत. 'क ची ओळ? च ची? ट ची?' असे विचारत जायचे, पापणी मिटली की थांबायचे, मग त्या ओळीतले अक्षर. काना-मात्रा गाळल्या. पहिला शब्द आला 'कन'. आम्ही कण, कोण, किन असे करत बसलो. काकूंनी उठून त्यांचे डोके उचलले. उशीखाली कान दुमडला होता.

जेवणाचे सांगतो. पाणी हेच सर्वांत अवघड. चमचाभर तीर्थानेही ठसका लागतो आणि ते फुप्फुसात जाऊ शकते, तेव्हा भक्तिभावाने येणाऱ्या पाहुण्यांना हात जोडून थांबवा. ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, घट्टसर एकजीव अन्न लहान घासांनी द्यावे, आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. वजन उतरू लागले तर पोटातून नळी घालण्याविषयी डॉक्टरांना लवकर विचारा. श्वास फार कमजोर झाल्यावर तेही जोखमीचे होते. आम्ही उशीर केला.

सकाळी डोके दुखणे, आडवे झाल्यावर गुदमरणे, ही श्वास कमी पडू लागल्याची खूण. अशा वेळी घाबरून स्वतःच ऑक्सिजनचे सिलिंडर लावू नका. हवा ओढणारे स्नायूच थकलेले असतात, आणि नुसत्या ऑक्सिजनने शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. बहुधा बायपॅप मशीन लागते, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. आणि मशीनच्या आधी इन्व्हर्टर घ्या. आपल्याकडची वीज सर्वांना माहीत आहे.

तो पुठ्ठा आमच्या घरी अजून आहे. कडा झिजल्यात, पण अक्षरे ठळक आहेत. ज्यांना हवा असेल त्यांनी निरोप द्यावा, आणून देईन.