डोळ्यात ठेवलेली औषधाची काडी



आज मी तुम्हांला माझ्याच डोळ्याची गोष्ट सांगतो.

मला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. आपण त्याला साखरेचा आजार म्हणतो. एके दिवशी वर्तमानपत्राच्या ओळी मला वाकड्या दिसू लागल्या. वाटले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. नवा चष्मा केला. तरी ओळी वाकड्याच! असे सहा महिने गेले. चूक माझीच.

शेवटी नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आत पाहिले. म्हणाले, "गुरुजी, चष्म्याचा दोष नाही. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे."

हा पडदा डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असतो. आपण जे पाहतो, त्याचे चित्र त्यावर उमटते. त्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की त्या पाझरू लागतात. पेंचच्या कालव्याची पाळ पाझरली, की लगतचे शेत चिबडते. तसेच पडद्याचे होते.

पोटात घेतलेले औषध या पडद्यापर्यंत फार थोडे पोहोचते. म्हणून ते सुईने डोळ्यातच देतात. पण काही आठवड्यांत ते ओसरते. मग पुन्हा सुई! मला तशा सुया झाल्या. पुढे डॉक्टरांनी औषधाची काडी ठेवली.

ही काडी तांदळाच्या दाण्याएवढी लांब, पण दोऱ्यासारखी बारीक असते. तिच्यात डेक्सामेथासोन नावाचे औषध असते, अवघे ०.७ मिलिग्रॅम. विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, तशाच पदार्थात ते मिसळलेले असते. हा पदार्थ डोळ्यात हळूहळू झिजतो. तसतसे औषध थोडे थोडे सुटते. काही महिने ते पुरते. काडी विरघळून जाते, काढावी लागत नाही. मधुमेहाच्या या सुजेसाठी अमेरिकेत २०१४ साली तिला मान्यता मिळाली.

काडी ठेवताना डोळा बधिर करतात. मला फार दुखले नाही. मात्र या औषधाने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नयेत. काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

माझी सूज उतरली. ओळी पुष्कळ सरळ झाल्या. पण मधोमध एक डाग राहिला. वाया घालवलेले सहा महिने काही परत आले नाहीत.

म्हणून सांगतो, साखरेचा आजार असेल, तर नीट दिसत असले तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. सुरुवातीला हा रोग दुखत नाही, कळतही नाही. घरी एक डोळा झाकून दुसऱ्याने पुस्तकाची ओळ पाहा. वाकडी दिसली, की थांबू नका. कन्हानहून नागपूर जवळ आहे. तेथे मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग आहे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा, नाहीतर सूज पुन्हा येते.

तुम्ही मोठ्या वयात, दिवसभर राबून, रात्री दिव्याखाली बसून अक्षरे मिळवली. ती वाचणारे डोळेही सांभाळा.