हाताच्या अंतरावरून

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून सगळे विचारताहेत, "तू नक्की काय काम करतेस गं?" सॉफ्टवेअर म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. आज माईक हातात आहे, म्हणून सांगते. पुलांची तपासणी करताना काढलेले फोटो तपासणाऱ्या प्रोग्रामवर मी काम करते.

काही पोलादी पुलांमध्ये ताण सोसणारा एखादा भाग असा असतो की त्याला जोडीदार नसतो. तो तुटला, तर त्याचा भार उचलायला दुसरं कुणी नाही. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. तो पूल केबलवर नव्हे, तर पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला होता. प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीच्या छिद्रापाशी साधारण अडीच मिलिमीटर खोल तडा होता. सांधा उकलल्याशिवाय तो दिसणं शक्य नव्हतं. या अपघातानंतर तिथे देशभरासाठी तपासणीचे नियम आले. अशा नाजूक भागांची तपासणी आता हाताच्या अंतरावरून करावी लागते. दुर्बिणीतून पाहून चालत नाही.

तरीही चूक होते. मेम्फिसला मिसिसिपी नदीवर कमानीचा मोठा पूल आहे. कमानीचे पाय फाकू नयेत म्हणून त्यांना बांधून ठेवणारी पोलादी तुळई असते. ११ मे २०२१ रोजी तपासणी करणाऱ्या अभियंत्यांना त्या तुळईत मोठा तडा दिसला. वाहतूक तात्काळ थांबवली गेली. पूल जवळजवळ तीन महिने बंद राहिला, पण कुणालाही इजा झाली नाही. नंतर जुनी चित्रं काढून पाहिली, तर २०१९ च्या ड्रोनच्या चित्रीकरणात तो तडा होताच. २०१६ च्या एका फोटोतही होता.

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण माझा प्रोग्राम यंदाचा फोटो मागच्या फोटोशी ताडून पाहायचा आणि फरक नसेल तर "बदल नाही" असा शेरा द्यायचा. तडा दोन्ही फोटोंत असेल, तर? तरीही शेरा तोच! माझ्या अभिमानाचं काम एका जुन्या तड्याला सुरक्षित ठरवणार होतं. काम द्यायला आठवडा उरला होता. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं, हे असं देता येणार नाही. बोलणी खाल्ली, तीन महिने उशीर झाला. आता प्रोग्राम प्रत्येक फोटो पहिल्यांदाच पाहतोय असं समजून आधी तपासतो, तुलना नंतर करतो. आणि शेवटचा शेरा जवळ जाऊन पाहिलेल्या माणसाचाच असतो.

हे सगळं आज का सांगतेय? सकाळपासून आपण एकमेकांना म्हणतोय, "तू अगदी तश्शीच आहेस, काही बदललं नाही!" दहावीच्या फोटोशी ताडून पाहतोय आपण. मागच्या मेळाव्यात आपल्या एका मित्रालाही आपण हेच म्हटलं होतं. ग्रुपवर त्याचं रोज "सुप्रभात" यायचं. तो आजारी होता हे आपल्याला कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. मीही त्या "सुप्रभात"ला रोज हात जोडल्याचं चित्र पाठवत होते.

म्हणून एक विनंती. आज जेवताना ज्याच्याशी वर्षानुवर्षं फक्त ग्रुपवर बोललात, त्याच्या शेजारी बसा. "कसा आहेस?" विचाराल, तर उत्तर येईपर्यंत थांबा. ज्यांना येता आलं नाही, त्यांच्या घरी आपल्यातल्या कुणीतरी जाऊन या. मी उद्या दोघींकडे जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल, तर सांगा.