फोन कामाचा की हौसेचा?

मी मिरकरवाड्याची. बंदरावर लिलावात माल घेतला की आधी नाचण्याच्या गिऱ्हाइकांना फोन लावते. कोणाला काय हवं ते कळलं तर फेरी फुकट जात नाही. तराजूसारखाच फोनही माझ्या धंद्याचा.

जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. माझा २३९चा पॅक २९९ झाला. तोही २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात तेरा वेळा भरायचा. ७८० रुपये जादा! त्यातलं नेट मी वापरतही नाही. दरवाढ आली तेव्हा मासेमारी बंद होती. जून-जुलैत आम्ही सुकं विकतो, त्यात मिळतं ते किती?

२०२५च्या जानेवारीत फक्त बोलण्याचे पॅक निघाले. मी विचारला तो ८४ दिवसांचा, चारशेच्या वर. रोजच्या विक्रीतून एवढे एकदम कसे काढायचे? घरात पैसे कमी पडले की माझाच रिचार्ज मागे राहतो. नवऱ्याचा फोन कामाचा, माझा हौसेचा, असं घरचे धरून चालतात.

गेल्या पावसात पॅक संपला, मग येणारे फोनही थांबले. नाचण्याच्या वहिनी नंतर म्हणाल्या, "दोन दिवस लावत होते गं, लागेचना. सोडे दुसरीकडून घेतले."