स्प्रिंगर्लेचा साचा भिंतीवर की ओट्यावर?

दिवाळीचे डबे रिकामे झाले की इथे स्टुटगार्टमध्ये लगेच दुसऱ्या फराळाचे वेध लागतात. ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते आणि दुपारच्या कॉफीबरोबर घरची बिस्किटं येतात. बाकी जर्मनीत त्यांना प्लेट्स्शेन म्हणतात, आमच्या श्वाबियात गुट्स्ले. चंद्रकोरीसारखी व्हॅनिलाकिप्फर्ल, दालचिनीच्या चांदण्या असे बरेच प्रकार घरोघरी होतात. माझ्या सासरी मात्र मान स्प्रिंगर्लेचा.

हे बिस्किट पांढरंशुभ्र असतं आणि त्यावर उठावाचं चित्र असतं. त्यासाठी लाकडी साचा लागतो. आमचा साचा नाशपातीच्या लाकडाचा, सासूबाईंना त्यांच्या आईकडून आलेला. एक कोपरा चिरलाय. त्यात घोडेस्वार आहे, पाखरू आहे, द्राक्षांचा घोस आहे. सासूबाई आता ८२ वर्षांच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्या एका छोट्या खोलीत राहायला गेल्या, तिथे ओव्हन नाही. साचा कुणी न्यायचा यावरून घरात जरा कुजबुज झाली. नणंदेचं म्हणणं, बिस्किटं बाजारात मिळतात, साचा भिंतीवर लावूया, छान दिसेल. मला ते काही पटेना. भिंतीवरचा साचा म्हणजे आपल्याकडे फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडी ठेवायला घेतलेलं जातं! शेवटी साचा माझ्याकडे आला. सून, तीही पुण्याची. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष होतंच.

आता कृती सांगते. ४ अंडी, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ५०० ग्रॅम मैदा. बस. लोणी नाही, तेल नाही. अंडी-साखर पांढरी, फुगीर होईपर्यंत फेटायची. पूर्वी हातानं अर्धा तास फेटत. चाकूच्या टोकावर मावेल एवढं हिर्शहॉर्नझाल्त्स घालायचं. शब्दशः अर्थ हरणाच्या शिंगाचं मीठ! पूर्वी खरंच शिंगांपासून करायचे, आता कारखान्यात होतं. आपले बेकरीवाले ज्याला अमोनिया म्हणतात, त्याच घराण्यातलं. भाजताना वास नाकात जातो, पण नंतर उडून जातो.

पीठ थंड जागी मुरू द्यायचं, मग १ सेंटीमीटर जाड लाटायचं. साच्याला मैदा भुरभुरून दाबायचं, चौकोन कापायचे. ट्रेमध्ये अनिसचे दाणे पसरायचे. अनिस म्हणजे आपल्या बडीशेपेची चुलत बहीण. त्यावर चौकोन ठेवायचे आणि २४ तास हात लावायचा नाही.

सगळी गंमत या २४ तासांत आहे. वरची बाजू सुकून तिची पापडी बनते. ओव्हनमध्ये पीठ फुगायला लागलं की वर वाट बंद, म्हणून ते सगळं खालून उचललं जातं. चित्र जसंच्या तसं राहतं आणि खाली काठासारखा पाय फुटतो. त्याला म्हणतात फ्यूसले. पाय आला नाही तर श्वाबियन माणूस काही बोलत नाही, फक्त बघतो. १५० अंशांवर साधारण २० मिनिटं. वरून रंग अजिबात चढता कामा नये.

मला हे सगळं अनारशांसारखं वाटतं. तिथेही तांदूळ तीन दिवस भिजतात, पीठ गुळात मुरतं, आणि घाई केली की तुपात विरघळून जातं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग जाळी पडते ती तुमचा पाय का?” हो, अगदी तेच!

गेल्या शनिवारी आम्ही त्यांना घरी आणलं. बोटं आखडल्यामुळे त्यांना आता लाटता येत नाही, आणि नजरही मंदावलीय. पण कुठलं चित्र कुठे आहे ते बोट फिरवून सांगतात. रविवारी सकाळी ट्रेवरच्या प्रत्येक चौकोनाला त्यांनी बोटाची मागची बाजू लावली. खिडकीकडचे सहा अजून ओले आहेत म्हणाल्या. दोन तास थांबलो. कागदावरच्या कृतीत हे कुठेच नाही, म्हणून मी रेकॉर्ड करून ठेवतेय.

ताजी स्प्रिंगर्ले दगडासारखी कडक असतात. डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवून दोन-तीन आठवडे विसरायचं, मग ती मऊ होतात. म्हणूनच नोव्हेंबरात करायची. पहिल्या रविवारी डबा घेऊन सासूबाईंकडे जायचंय. काल नणंदेचा मेसेज आला, पुढच्या वर्षी साचा चार दिवस हवाय म्हणून. मी विचारलं, भिंतीसाठी? तर म्हणाली, नाही, मैदा कुठला वापरतेस ते सांग.