तडकलेला सीडार: महाकाय ओंडक्याची चिराई

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्काच्या दक्षिण भागापासून ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनमार्गे उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या पावसाळी जंगलांत वाढणारा वेस्टर्न रेड सीडार हा वृक्ष सायप्रसच्या कुळातला असून, पाइनच्या कुळात गणल्या जाणाऱ्या हिमालयातील देवदाराशी त्याचे नाते दूरचेच आहे. त्याची जुनी झाडे हजार वर्षांचीही आढळतात आणि बुंध्याशी त्यांचा व्यास तीन-चार मीटरपर्यंत जातो. अशा झाडाचा ओंडका अखंड मिळणे दुर्मीळ. म्हणून तो तडकलेला आहे हे गृहीत धरूनच त्याच्या चिराईचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

ओंडका तडकतो तो प्रामुख्याने लाकूड असमान आकसते म्हणून. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही. परंतु गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने सीडार सुमारे 2.4 टक्के, तर वार्षिक वलयांच्या कडेने, म्हणजे परिघाच्या दिशेने, सुमारे 5 टक्के आकसतो. दीड मीटर व्यासाच्या ओंडक्याचा परिघ सुमारे 4.7 मीटर भरतो आणि तो पूर्ण शुष्क झाला तर या दोन आकसण्यांतील फरक परिघावर सुमारे 12 सेंटीमीटर होतो. तेवढी जागा कुठेतरी फाटल्याशिवाय भरून निघत नाही, म्हणून सालीकडे रुंद आणि गाभ्याकडे निमुळती होत जाणारी पाचरीच्या आकाराची भेग पडते. सागवानातही हेच प्रमाण जवळपास असेच आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील लाकडाच्या वखारींतल्या ओंडक्यांच्या टोकांवर अशाच भेगा दिसतात. याखेरीज दोन वलये एकमेकांपासून सुटून पडणारा वलयी तडा आणि झाड पडताना खडकावर आदळल्याने आलेली आडवी मोड हे दोष वेगळेच; आडवी मोड झालेल्या लाकडाच्या लांब फळ्या निघत नाहीत, तिथे ओंडका कापून तुकडेच करावे लागतात.

उभ्या भेगेच्या बाबतीत मात्र सारे काही पहिल्या कापाच्या दिशेवर ठरते. भेगेच्या प्रतलाला काटकोनात फळ्या काढल्या, तर भेगेच्या वाटेत येणारी प्रत्येक फळी दुभंगलेली निघते. त्याच फळ्या भेगेला समांतर काढल्या, तर भेग एका फळीत किंवा दोन फळ्यांच्या मध्ये सामावून जाते आणि बाकीचे लाकूड सुटते. यासाठी ओंडक्याची दोन्ही टोके पाहणे अनिवार्य आहे, कारण पुष्कळ झाडांचे तंतू वाढताना पिळत जातात आणि एका टोकाला उभी असलेली भेग दुसऱ्या टोकाला तिरकी झालेली असते. पीळ थोडा असेल, तर सूत मारून मधला मार्ग निवडता येतो. तो जास्त असेल, तर ओंडका आखूड तुकड्यांत तोडणे हाच प्रामाणिक उपाय असतो, मग लांब फळीची हौस सोडावी लागली तरी चालेल.

एवढा ओंडका बहुतेक फिरत्या सॉ मिलमध्ये मावतच नाही. त्यामुळे प्रथम वर एक सरळ शिडी किंवा फळी मार्गदर्शक म्हणून ठोकून, लांब पट्टी बसवलेल्या चेनसॉने तो भेगेच्या रेषेवर दुभागावा लागतो, आणि नंतर प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले जातात. चेनसॉ प्रत्येक फेरीत सुमारे 9 मिलिमीटर जाडीचे लाकूड भुसा करते, पट्टा-करवत त्याच्या तृतीयांशाहूनही कमी. दहा कापांत हा फरक एक-एक इंची दोन फळ्यांएवढा होतो, म्हणून चेनसॉचे काम दुभागण्यापुरते ठेवून फळ्यांसाठी पट्टा-करवत वापरणे हितावह. जुन्या झाडांचा मधला गाभा बहुधा कुजलेला वा पोकळ असतो आणि साल-लगतचे पांढरे रसकाष्ठ टिकाऊ नसते; खरे मोल त्या दोहोंमधल्या तांबूस सारकाष्ठाचे, कारण थुजाप्लिसिनसारखी बुरशीरोधक द्रव्ये त्यातच असतात.

सीडारचा तंतूंच्या दिशेने सहज फुटण्याचा गुण किनाऱ्यावरील आदिवासी समाजांनी फार पूर्वीच हेरला होता. ते उभ्या झाडाला कमीत कमी इजा करून, लाकडाच्या व शिंगाच्या पाचरी मारून फळ्या सोलून घेत आणि झाड पुढे वाढत राही. अशा खुणा असलेली झाडे ब्रिटिश कोलंबियात आजही उभी आहेत. वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरील ओझेट या मकाह लोकांच्या गावात काही शतकांपूर्वी चिखलाची दरड कोसळली आणि तिच्याखाली सीडारच्या फळ्यांची घरे टिकून राहिली. ती 1970 नंतरच्या उत्खननात उजेडात आली. करवतीशिवाय मिळवलेल्या त्या फळ्या पाहिल्या म्हणजे भेग ही लाकडाची उणीव नसून त्याच्या रचनेची रेषा आहे, हे पटते.

चिरलेल्या फळ्यांची टोके मेणाने लेपून, मध्ये पातळ पट्ट्या ठेवून त्या सावलीत रचाव्यात. लोखंडी खिळे मारल्यास लाकडातील द्रव्यांशी अभिक्रिया होऊन काळे डाग पडतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचेच खिळे घ्यावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सीडारच्या भुशातील प्लिकॅटिक आम्लामुळे कामगारांना व्यावसायिक दमा जडू शकतो, हे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालेले आहे. तेव्हा योग्य दर्जाचा मास्क नाका-तोंडावर असल्याशिवाय या ओंडक्याला कोणी करवत लावू नये.